थंडाव्याचे वाटेकरी

घरात कुत्रे-मांजर असेल तर घर गरम वा थंड राखणाऱ्या यंत्रणेची निगा कशी राखावी, यावर इंग्रजीत पुष्कळ व्यावहारिक लेखन उपलब्ध आहे. गाळण्या किती दिवसांनी बदलाव्यात, भिंतींतून फिरणाऱ्या हवेच्या नळ्यांत केस साचू नयेत म्हणून काय करावे, बाहेरच्या यंत्राभोवती जाळी कशी उभारावी, असे त्याचे स्वरूप असते. हे लेखन उपयुक्त आहे याविषयी शंका नाही. परंतु ते वाचताना वऱ्हाडातला वाचक पदोपदी अडखळतो. त्या लेखनाने गृहीत धरलेले घर हे बंद घर आहे. दारे लावलेली, खिडक्यांना काचा, आतली हवा आत आणि बाहेरची बाहेर. प्राणी त्या बंद घराच्या आत आहे, म्हणून त्याचे केस ही एक अडचण आहे. आमच्या अकोटात थंडावा देणारे जे यंत्र घरोघरी आहे, ते मुळात दारे-खिडक्या उघड्या ठेवल्याखेरीज कामच करीत नाही. ते यंत्र म्हणजे कूलर. आणि दार उघडे असले की त्या दारातून कोण आत येईल, कोण उंबऱ्यावर बसेल आणि कोण मागच्या अंगणात पाण्याच्या ओलीवर पोट टेकून पडेल, हे ठरवणे घरमालकाच्या पूर्णपणे हाती राहत नाही.

कूलरचे तत्त्व सर्वांना ठाऊक असते, पण त्याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेते. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता हवेतून काढून घेतली जाते. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४३ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या ताट्यांतून आत येणारी हवा २७ अंशांपर्यंत उतरू शकते. दीड-दोनशे वॅटच्या पंख्या-पंपाकडून यापेक्षा मोठ्या उपकाराची अपेक्षा करता येत नाही. मात्र ही किमया हवा कोरडी असेपर्यंतच. आत आलेली दमट हवा समोरच्या दाराने बाहेर गेली पाहिजे. ती कोंडली तर तासाभरात खोलीचा हमामखाना होतो. मृगाचा पाऊस पडला आणि हवेत ओल आली की हाच कूलर घाम काढू लागतो.

ही युक्ती आपल्याकडे नवी नाही. अबुल फजलच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या ताटव्यांनी वेढलेल्या आणि बाहेरून पाणी शिंपून गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे, उन्हाळ्याच्या मध्यात हिवाळा अवतरतो, अशा आशयाचे त्याचे कौतुक आहे आणि शोधाचे श्रेय अर्थातच बादशहाला दिले आहे. दरबारी ग्रंथात दुसरे काय होणार? त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नरनाळ्याची नोंद आहे, जो किल्ला आमच्या अकोट तालुक्यात उत्तरेला सातपुड्यात उभा आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांनी वाळ्याच्या ताटव्यांना हाताने फिरवायचा पंखा जोडून लाकडी पेटाऱ्यासारखे एक यंत्र केले आणि त्याला ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर बसवलेला आमचा पत्र्याचा कूलर हा त्याचाच वंशज म्हणावा लागेल. फरक एवढाच, की पंखा फिरवणाऱ्या नोकराची जागा विजेच्या मोटारीने घेतली.

सामान्य वऱ्हाडी माणसाचे घर मात्र बादशहाच्या किंवा साहेबाच्या वाटेने थंड झाले नव्हते. धाब्याच्या घरांच्या जाड मातीच्या भिंती आणि मातीचेच छप्पर उन्हाला दुपार टळेपर्यंत आत येऊ देत नसत. फार तर दारावर ओले बारदान टांगायचे. त्या घरांत बैलजोडी, गाय, वासरू ही मंडळी बहुधा त्याच छपराच्या आश्रयाला, एका भिंतीच्या अंतरावर असत. थंडावा हा भिंतींचा गुण होता. तो माणसाने विकत आणलेला नव्हता, म्हणून त्याची वाटणी करण्याचा प्रश्नही नव्हता. टिनाची छपरे आणि सिमेंटचे स्लॅब आले, रात्रीसुद्धा छत तापलेले राहू लागले, आणि मग थंडावा ही निर्माण करण्याची, विजेचे बिल भरून मिळवण्याची वस्तू झाली. वाटणीचा प्रश्न तेव्हापासूनचा आहे, असे मला वाटते.

आमच्या घरी वाघ्या नावाचा एक गावठी कुत्रा आणि मनी नावाची एक मांजर आहे. दोघांनाही आम्ही ‘आणले’ असे म्हणता येणार नाही. ती दोघेही वेगवेगळ्या उन्हाळ्यांत उघड्या दारातून आली आणि राहिली. उन्हाळ्यातले त्यांचे वागणे पाहताना माझ्या लक्षात आले, की कुत्रा हाच एक कूलर आहे. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाने घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना काय येईल तेवढाच. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, म्हणजे ओल्या जिभेवरून आणि श्वासमार्गातून भराभर हवा खेळवून पाण्याची वाफ करतो. जीभ ही त्याची ताटी, छाती हा पंखा. त्यामुळे ज्या दिवशी कूलर निकामी ठरतो, त्याच दिवशी कुत्र्याचे धापा टाकणेही निकामी ठरते: हवा दमट असेल तर त्याच्या जिभेवरचे पाणीही सुकत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पारा ३८ वर उतरलेला असतानाही वाघ्या मेपेक्षा अधिक कासावीस का होतो, हे कोडे अशा रीतीने सुटते. बंद खोलीत खिडकी न उघडता कूलर लावून कुत्र्याला आत ठेवणे म्हणूनच घातक आहे. थंडावा देत आहोत या समजुतीने आपण त्याचे स्वतःचे यंत्र बंद पाडतो. बसक्या नाकाच्या पगसारख्या जातींचे हाल तर विचारू नयेत. २००३ च्या सुमारास मोबाइल सेवेच्या एका जाहिरातीमुळे ते कुत्रे घराघरांत हवेहवेसे झाले, पण त्याची वाफ करण्याची वाटच निसर्गाने, की माणसाने, आखूड करून ठेवली आहे.

मांजराचे गणित निराळे. तिला तिशीच्या पुढचे तापमानही सुखाचे वाटते, आणि अंग चाटून चाटून ती लाळेची वाफ करते. मनी कूलरच्या समोर कधीच बसत नाही. आवाज तिला सोसत नाही आणि वाऱ्याचा झोत तर नाहीच नाही. ती खोलीच्या त्या कोपऱ्यात बसते जिथे हवा पोहोचते पण वारा पोहोचत नाही. त्या कोपऱ्याचा शोध घरातल्या एकाही माणसाला लागलेला नव्हता. आता सासूबाईंची खुर्ची तिथे असते.

निगेचा विषय निघतो तो होळीनंतर, कूलर बाहेर काढताना. नेमक्या याच दिवसांत कुत्र्याची हिवाळी लव झडते. वाघ्याची झोपण्याची जागा कूलरच्या समोर नसून मागे, बाहेरच्या बाजूला आहे, कारण तिथे टाकीतून ठिबकणाऱ्या पाण्याने जमीन ओली राहते. कूलर तर हवा बाहेरूनच ओढतो. परिणाम असा, की वाघ्याची सगळी झडलेली लव ताट्यांवर जाऊन बसते, ओली होते आणि तिचा नमदा तयार होतो. हवा येईनाशी होते, पंखा घरघरतो, मोटार तापते. कूलर दुरुस्त करणारे आमचे मेस्त्री दरवर्षी ताट्या उघडतात आणि तेच वाक्य म्हणतात: “ताई, तुमच्या कूलरात गवत कमी अन् केसंच जास्त हायेत. त्या कुत्र्याले टकला करा, नाहीतं ताट्या दर महिन्याले बदला.”

कुत्र्याला टकला करण्याचा सल्ला घेऊ नये. लव हे त्याचे उन्हापासूनचे छप्परही असते. ती भादरली तर उन्हाचा चटका सरळ कातडीला बसतो. त्यापेक्षा फाल्गुन-चैत्रात रोज दहा मिनिटे ब्रश फिरवला तर निम्म्याहून अधिक केस कूलरऐवजी केरात जातात. दुसरा उपाय मच्छरदाणीच्या जुन्या जाळीचा: कूलरच्या बाहेरच्या तिन्ही बाजूंना ती ताणून बांधावी आणि दर रविवारी काढून झटकावी. जाळी फार बारीक घेतली तर हवाच अडते, हे मात्र पाहावे. पंपाच्या तोंडाला जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा बांधला की केस आत ओढले जाऊन पंप जाम होत नाही. मेस्त्रींनी ही मोज्याची युक्ती पाहिली, थोडा वेळ विचार केला आणि पुढच्या वेळी स्वतःच्या पिशवीत चार मोजे आणले.

आमच्या कूलरचे खरे वैरी दोन आहेत: एक खार आणि दुसरी खार. पहिला पाण्यातला, दुसरी कडुनिंबावरची. कडुनिंबावरच्या खारीला ताट्यांमधले लाकडाच्या किसाचे गवत घरट्यासाठी फार पसंत पडते. मार्चमध्ये नव्या ताट्या बसवल्या की पंधरा दिवसांत एका कोपऱ्यात मुठीएवढे भगदाड पडलेले असते आणि त्यातून गरम वाऱ्याची एक रेघ सरळ अंथरुणावर येते. पोळ्यासारख्या खणाखणांच्या जाड कागदी ताट्या आता मिळतात. त्या खारीला आवडत नाहीत, त्यांवरचे केसही ब्रशने निघतात. पण मग दुसरा खार त्यांचा फडशा पाडतो.

हा दुसरा खार समजून घेण्यासाठी अकोटचा भूगोल थोडा पाहावा लागतो. तालुक्याचा उत्तर भाग सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथले पाणी गोड. दक्षिणेकडे पूर्णा नदीच्या बाजूला उतरत गेले की खारपाणपट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील शेकडो गावांच्या पोटात हे खारे पाणी आहे. शहरात वान धरणाचे पाणी येते, परंतु ते रोज येत नाही. आणि पिण्याचे पाणी कूलरात ओतणे मनाला पटत नाही. तेव्हा कूलरला बोअरचे पाणी. आता हिशेब करू. पाण्यात लिटरमागे १५०० मिलिग्रॅम क्षार आहेत असे धरले (भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम इष्ट आणि दुसरा पर्याय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात) आणि कूलर दिवसाला ५० लिटर पाणी पितो असे मानले, तर रोज ७५ ग्रॅम क्षार मागे उरतात. वाफ होऊन पाणी जाते, खार जात नाही. तीन महिन्यांच्या उन्हाळ्यात हे पावणेसात किलो भरते. ताट्यांवर पांढरी खपली धरते, पत्रा गंजतो, पंप कुंथू लागतो. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ताट्या रात्रभर बुडवून ठेवल्या की खपली बरीच सुटते, हा ज्याने-त्याने करून पाहण्याजोगा उपाय.

पण पत्र्याच्या गंजण्याने मला हे सगळे मोजायला लावले नव्हते. वाघ्या कूलरच्या टाकीतले पाणी पितो. त्याच्या भांड्यात रोज ताजे पाणी असते, पण ते दुपारपर्यंत कोमट होते. कूलरच्या टाकीतले पाणी मात्र चोवीस तास माठासारखे गार. कोणताही शहाणा प्राणी तेच पिईल. ५० लिटरच्या टाकीत रोज ५० लिटर नवे बोअरचे पाणी भरत राहिलो आणि जुने काढून टाकले नाही, तर क्षारांची मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट अशी चढत जाते. काही भाग ताट्यांवर चिकटून कमी होतो एवढेच. आठवडाअखेरीस कुत्रा जे पितो त्याला पाणी म्हणणे कठीण आहे. तहान भागवायला गेलेल्या जनावराची तहान त्याने वाढते, आणि ते आणखी पिते. ज्यांच्या घरी बोअरचे पाणी आहे आणि कुत्रे आहे, त्यांनी टाकी आठवड्यातून एकदा नव्हे, दोनदा पूर्ण रिकामी करावी. आणि कुत्र्याचे पाणी मातीच्या पसरट कुंडीत, सावलीत, कूलरच्या थेट झोताखाली ठेवावे. मातीतून पाझरून तेही गार राहते. वाघ्याने टाकी सोडून कुंडी पत्करायला आठ दिवस घेतले.

रिकाम्या केलेल्या टाकीचे पाणी कुठे जाते, यावर आमच्या घरात मतभेद आहेत. ते झाडांना घातले तर झाडे खाराने करपतात. ते मोरीत सोडले तर सासूबाईंच्या जिवाला लागते. त्यांचे माहेर खारपाणपट्ट्यातले. दोन हंडे गोड पाण्यासाठी त्या लहानपणी किती चालल्या, हे त्या सांगत नाहीत, पण बादली मोरीत उलटी होताना त्यांची नजर दुसरीकडे वळते. शेवटी ते पाणी अंगण शिंपायला आणि फरशी पुसायला वापरायचे असे ठरले आहे. उन्हाळ्यात पाण्याचा प्रत्येक थेंब कुणाच्या तरी वाट्याचा असतो, आणि वाघ्याच्या वाट्याचे दोन लिटर आम्ही त्या हिशेबात धरतो.

टाकी रिकामी करण्याचे दुसरे कारण डास. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास होण्यास उन्हाळ्याच्या अखेरीस साधारण आठवडा ते दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळण्याचे आवाहन आरोग्य विभाग करीत असतो. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नसते: ही अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने टिकतात. भिंती काथ्याने घासायलाच हव्यात. घासण्याचा कंटाळा करणारे लोक टाकीत डांबरगोळ्या टाकतात, फिनाईल ओततात, नाहीतर कूलरसाठी म्हणून बाजारात मिळणारे अत्तर शिंपडतात. ज्या घरात मांजर आहे तिथे यांतले काहीही चालणार नाही. मांजराच्या यकृताला फिनाईलसारखी द्रव्ये निकामी करण्याची शक्ती फारच थोडी असते, आणि पंजाला लागलेली प्रत्येक गोष्ट ती चाटते. डांबरगोळी कुत्र्यालाही विषच. डास मारण्याच्या काही फवाऱ्यांत आणि कुत्र्याच्या गोचिडांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, मांजराला प्राणघातक ठरू शकते. काथ्या आणि हात एवढेच घ्यावे.

शेजारच्या मुलाने शाळेत गप्पी माशांविषयी ऐकले आणि मोठ्या हौसेने चार मासे आमच्या कूलरच्या टाकीत सोडले होते. विहिरीत आणि हौदात गप्पी डासांच्या अळ्या खातात हे खरे. पण पंपाच्या खळबळीत आणि खाऱ्या पाण्यात त्यांना काय सुख! मनी दोन दिवस त्या टाकीपासून हलली नाही. तिसऱ्या दिवशी मासे दिसले नाहीत. पंपाने की मनीने, हा प्रश्न अनिर्णित आहे.

विजेविषयी लिहिताना मात्र विनोद सुचत नाही. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली जमीन, आणि अर्थिंग नसलेले किंवा तुटलेले घर: विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांत लहान मुले असतात. एका जूनच्या संध्याकाळी वाघ्या नेहमीप्रमाणे कूलरमागे जायला निघाला, घोडीच्या पायाला नाक लावले आणि केकाटून मागे सरला. मग त्याने तिथे जाणेच सोडले. चप्पल घालून वावरणाऱ्या आम्हाला काहीच जाणवत नव्हते. त्याचे चारही पाय उघडे, ओले, आणि नाकही ओले. यंत्रातून झिरपणारी वीज त्याला आमच्या आधी कळणे स्वाभाविक होते. इलेक्ट्रिशियनने पाहिले तर पंपाची वायर उंदराने कुरतडली होती आणि तांबे पत्र्याला टेकत होते. सासूबाई रोज सकाळी अनवाणी पायांनी त्याच टाकीत बादलीने पाणी भरतात. त्याच दिवशी अर्थिंगचा खड्डा नव्याने केला आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा अर्थ लीकेज ब्रेकर बसवला. जनावर एखाद्या यंत्राजवळ जाण्यास अचानक कचरू लागले, तर त्याला हाकलण्याऐवजी आधी स्विच बंद करून प्लग काढावा. घोडीच्या पायावर कुत्री मुततात, हा गंजण्याचा आणखी एक उगम. त्या पायांना वीतभर उंचीपर्यंत जुन्या प्लॅस्टिकच्या पाइपचे वेष्टन घातले की पुरते.

बिनबोलावलेल्या पाहुण्यांचा उल्लेख केला नाही तर हे टिपण अपुरे राहील. हिवाळाभर झाकून ठेवलेल्या कूलरच्या कपारीत होला घरटे करतो. घरटे कसले, दहा काड्या आडव्या-उभ्या आणि त्यांवर दोन पांढरी अंडी. अंडी उबवायला दोन आठवडे, पिले उडायला आणखी तितकेच. चैत्र निघत असतो, पारा ४१ वर असतो, आणि महिनाभर यंत्र सुरू करता येत नाही. एका वर्षी आम्ही खाटा मागच्या खोलीत नेल्या आणि नुसत्या पंख्यावर काढले. त्या महिनाभर मनीला समोरच्या खोलीत प्रवेशबंदी होती, आणि तिने ती मनावर घेतली असे म्हणता येणार नाही. पुढच्या वर्षीपासून कूलर झाकताना बारदान नीट शिवून घेतो, म्हणजे होल्याला जागाच दिसत नाही. हे औदार्य नव्हे, पण घरटे मोडण्यापेक्षा बरे.

हिवाळ्यावर फार लिहिण्यासारखे नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या काही रात्री चांगल्याच गारठतात, पण ऊब देणारी आमची यंत्रणा म्हणजे गोधडी, आणि तिची निगा म्हणजे ती उन्हात घालणे. मनी त्या काळात गोधडीचा भाग असते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये, ही गोष्ट माणसाला आणि मांजराला सारखीच लागू आहे.

२०२४ च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लागू केले. दंगलीसाठी असलेले कलम उन्हासाठी लावावे लागले, यावर त्या दिवसांत पुष्कळ थट्टा झाली. आमच्या घरी थट्टेला वाव नव्हता. सासूबाईंचे वय ऐंशीच्या पुढे, त्यांना दम्याचा त्रास. कूलरच्या दमट हवेने तो वाढतो असे डॉक्टरांचे मत पडले. खोलीतल्या केसांविषयीही त्यांनी सुनावले. त्यांच्या खोलीला एसी बसवला. दीड टनाचे यंत्र, भिंतीवर पांढरेशुभ्र, आवाज जवळजवळ नाहीच. दर पंधरा दिवसांनी गाळण्या नळाखाली धुवायच्या, एवढीच निगा. बाहेरचे यंत्र जमिनीपासून चार फूट उंच बसवून घेतले, कारण कुत्र्याच्या मुताने त्यातल्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांची चाळण होते. इंग्रजीतले ते लेख या कामी मला प्रथमच उपयोगी पडले.

आणि त्याबरोबर ते बंद घरही आले. दार लावायचे, लावलेलेच ठेवायचे. पहिल्या दुपारी वाघ्या दारावर पंजाने खरवडत राहिला. मनीने दोन-तीनदा हाक मारली आणि ती आपल्या कोपऱ्याच्या शोधात निघून गेली. “त्या मुक्या जीवाले काऊन बाहेर ठेवतं वं?” सासूबाई आतून म्हणाल्या. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. त्या गप्प बसल्या, पण त्यांना ते पटलेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही अर्धेच पटलेले आहे. दम्याच्या रुग्णाच्या खोलीत केस नकोत, हे वैद्यकाचे म्हणणे बरोबरच आहे. चार दिवसांत त्यांची झोप सुधारली, हेही मी पाहिले. पण आयुष्यभर ज्या बाईच्या खाटेखाली कोणते ना कोणते जनावर निजत आले, तिला एकटीला २६ अंशांत ठेवून आम्ही तिला नेमके काय दिले आणि काय काढून घेतले, याचे माप मला सापडत नाही.

कुत्र्याला आत ठेवून बाहेर जाणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. कूलर असलेल्या घरातली वीज गेली तर खिडकी उघडीच असते. ऊन वाढते, पण हवा खेळते. एसीच्या बंद खोलीतली वीज गेली तर काही वेळातच ती खोली स्लॅबखालची भट्टी होते, आणि आतल्या जनावराला कडी काढता येत नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाची वर्षे ज्यांनी वऱ्हाडात काढली त्यांना वीज जाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. नव्या पिढीला लागतो. बर्फाळ प्रदेशातली दाट केसांची कुत्री हौसेने पाळणारी आणि त्यांना दिवसभर एसीत कोंडून नोकरीला जाणारी माणसे आता आमच्याकडेही आहेत. त्यांनी निदान एक खिडकी आतून सैल ठेवावी आणि एक किल्ली शेजारी द्यावी.

दुपारी अडीचच्या सुमारास घरात सगळे निजतात. सासूबाईंच्या बंद दाराच्या खालच्या फटीतून गार हवेची एक पातळ पट्टी बाहेर येते, आणि वाघ्या त्या फटीला पोट लावून, मान उंबऱ्यावर टाकून झोपतो. एसी बसवायला आलेल्या माणसाने ती फट पाहून सांगितले होते, की इथून थंडावा वाया जातो, बिल वाढेल, रबराची पट्टी लावून घ्या. पट्टी पन्नास-साठ रुपयांना बाजारात मिळते. ती आणायची की नाही, हा विषय सासूबाईंसमोर अद्याप कुणी काढलेला नाही.